१६ बिट, २४ बिट की ३२? घरच्या स्टुडिओत स्वतः तपासून पाहण्याची रीत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरातल्या एखाद्या खोलीत अहिराणी गाणी, कीर्तनं, लग्नातली गाणी रेकॉर्ड करणारी मंडळी आता बरीच आहेत. ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज आकड्यांच्या रूपात लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) घ्यायची वेळ आली की प्रश्न ठरलेला, "भो, हाई कितला बिटनं शे?" डब्यावर १६ असेल तर नाक मुरडतं, २४ असेल तर मान डोलते आणि ३२ दिसलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं ऐकायचं असेल तर १६ बिट पुरून उरतात. रेकॉर्ड करताना २४ बिट जरूर घ्यावेत, पण आवाज गोड होतो म्हणून नव्हे. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, थोडा कमी ठेवला तरी नुकसान होत नाही, एवढ्यासाठीच. ३२ बिट फ्लोटची गरज फार थोड्या कामांत पडते. यावर विश्वास ठेवायची गरज नाही. एक लॅपटॉप, तुमचा इंटरफेस आणि माइक, बंद कपांचा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे सगळं एका निवांत रात्री घरीच तपासता येतं.

बिट वाढले की नेमकं काय बदलतं

माइककडून येणारा विद्युतदाब इंटरफेसमधला कन्व्हर्टर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप सर्वांत जवळच्या ठरावीक पातळीवर बसवावं लागतं. १६ बिटमध्ये अशा ६५,५३६ पातळ्या असतात, २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. खरं मूल्य आणि बसवलेली पातळी यांत जो किंचित फरक राहतो, तो नीट हाताळला तर एकसारख्या बारीक खरखरीच्या रूपात उरतो. एक बिट वाढवला की फरक निम्मा होतो, म्हणजे खरखर साधारण ६ डेसिबलने खाली जाते. हिशेबाने १६ बिटची मर्यादा येते ९८ डेसिबल आणि २४ बिटची १४६.

बिटचं काम एवढंच. खर्ज किती भरदार, टाळ किती लखलखीत, गळ्यातली हरकत किती स्पष्ट, यांतलं काहीही बिट ठरवत नाहीत. वरचे स्वर कुठपर्यंत पकडले जातील ते सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजलं त्यावर अवलंबून असतं. जाहिरातीत जिन्यासारखी ओबडधोबड लहर दाखवून शेजारी गुळगुळीत २४ बिटची लहर काढलेली असते, त्या चित्राकडे लक्ष देऊ नका. कन्व्हर्टरच्या शेवटी फिल्टर असतो आणि त्यातून बाहेर येणारी लहर १६ बिटमध्येही गुळगुळीतच असते. फरक राहतो तो तिच्या तळाशी असलेल्या खरखरीच्या पातळीत.

डब्यावरचे २४ आणि प्रत्यक्ष हाती येणारे

कन्व्हर्टर २४ बिटचा आकडा बाहेर देतो याचा अर्थ त्या २४ही बिटांत संगीत असतं असा नाही. इंटरफेसच्या माहितीपत्रकात "डायनॅमिक रेंज" (सर्वांत मोठा आवाज आणि यंत्राची खरखर यांतलं अंतर) शोधा. त्यातून १.७६ वजा करा आणि ६.०२ने भागा. १०८ डेसिबल लिहिले असतील तर खरे बिट साडेसतराच्या आसपास. १२० असतील तर साडेएकोणीस. आकड्यापुढे "ए-वेटेड" असेल तर दोन-तीन डेसिबल मनातल्या मनात कमी धरा, कारण त्या पद्धतीत कानाला कमी जाणवणारी खरखर मोजणीत हलकी धरली जाते. बाजारातले अव्वल कन्व्हर्टरही १२० ते १३०च्या टप्प्यातच आहेत. म्हणजे २४ बिटच्या डब्यात २० किंवा २१ बिट कामाचे, उरलेल्यांत नुसती खरखर.

यात कंपन्यांची लबाडी नाही, अडचण पदार्थविज्ञानाची आहे. २ व्होल्टचं आउटपुट २४ बिटमध्ये विभागलं तर एक पातळी सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची होते. आणि साधा १ किलोओहमचा रेझिस्टर, त्यातून काहीही वाहत नसताना, फक्त उष्णतेमुळे श्रवणकक्षेत ०.५७ मायक्रोव्होल्टची खरखर करतो. म्हणजे शेवटचा बिट एका रेझिस्टरच्या खरखरीतच बुडाला. (मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकला की ही खरखर २७ अंशांच्या मानाने वाढते, पण पाव डेसिबलच. उन्हाळ्याला दोष द्यायची जागा इथे नाही, ती पुढे येईल.)

जुना एक किस्सा इथे कामाचा आहे. १९८२मध्ये सीडी आली तेव्हा सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटचा कन्व्हर्टर होता, तर फिलिप्सने आपल्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटचा वापरला. फिलिप्सने चौपट वेगाने नमुने फिरवून आणि खरखर ऐकू न येणाऱ्या भागाकडे ढकलून १४ बिटच्या चिपकडून जवळपास १६ बिटचं काम काढलं. पुढे १९९९मध्ये आलेल्या सुपर ऑडिओ सीडीत तर एकच बिट आहे, सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा. तेव्हा नुसता बिटचा आकडा पाहून यंत्राची प्रत ठरवू नका.

पहिलं काम: खोली मोजा

आधी हे पाहा की तुमच्या खोलीला किती बिट लागतात.

माइक नेहमीच्या जागी लावा. गाणाऱ्याला नेहमीच्या अंतरावर उभं करून सर्वांत चढी ओळ म्हणायला सांगा आणि शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास येईल असा गेन ठेवा (मीटरवरचं शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्याच्या वर आवाज फाटतो). आता गेनच्या बटणाला हात न लावता अर्धा मिनिट गाणं आणि अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा. शांतता म्हणजे एरवी रेकॉर्डिंग करताना खोलीत जे चालू असतं ते सगळं तसंच चालू ठेवून.

ऑडॅसिटीत "अ‍ॅनालाइझ" मेनूत "कॉन्ट्रास्ट" नावाचं साधन आहे. ते मुळात भाषण आणि पार्श्वसंगीत यांतला फरक मोजायला केलंय, पण आपल्यालाही नेमकं तेच हवं आहे. गाण्याचा तुकडा निवडून "फोरग्राउंड" मोजा, शांततेचा तुकडा निवडून "बॅकग्राउंड" मोजा. मधला फरक डेसिबलमध्ये समोर येतो. हा सरासरीतला फरक आहे, शिखरं त्याहून वर जातात, म्हणून त्यात १५ डेसिबल मिळवा आणि ६ने भागा. आलेलं उत्तर म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगला खरोखर लागणारे बिट.

कूलर चालू असेल तर फरक ३० डेसिबलच्या पुढे जाणं कठीण. म्हणजे ४५ भागिले ६, साडेसात बिट! कूलर-पंखा बंद करून, रात्री, दारं-खिडक्या लावून मोजलंत तर ४५-५०च्या आसपास जाता येतं, म्हणजे दहा-अकरा बिट. डेसिबलचे बरेच आकडे सांगितले, पण हा तुमच्या खोलीचा आहे, म्हणून तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या खरेदीचा निर्णय यावरच होणार आहे.

कूलरची घरघर पकडायला २४ बिट लावणं म्हणजे माती-पाण्यासकट कापसाची गाडी सराफाच्या काट्यावर तोलणं. काटा मिलिग्रॅम दाखवेल, पण मिलिग्रॅम कशाचा दाखवतोय?

खान्देशात एप्रिल ते जूनमध्ये कूलरशिवाय खोलीत बसणं सोपं नाही, हे मान्य. त्यावर चालणारा मार्ग म्हणजे पहाटे पाचला रेकॉर्डिंग लावणं. रस्ता शांत, खोली त्यातल्या त्यात गार, गळा मात्र अजून उघडलेला नसतो, म्हणून गायकाला तासभर आधी बोलवा. दुसरा मार्ग, दुपारी खोली कूलरने गार करून घ्यायची आणि एकेका कडव्यापुरता तो बंद करायचा. भिंतींवर गोधड्या टांगल्याने खोलीची घुमघुम कमी होते, बाहेरचा ट्रॅक्टर मात्र थांबत नाही. त्यासाठी जाड दार आणि बुजवलेल्या फटीच लागतात.

दुसरं काम: यंत्र मोजा

आता इंटरफेसची स्वतःची खरखर. फँटम पॉवर (इंटरफेसकडून माइकला जाणारी वीज) बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग माइकची केबल काढा. गेन मघाचाच ठेवून पुन्हा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ही पातळी मघाच्या "शांतते"पेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक खाली असेल तर यंत्राकडून तुमच्या रेकॉर्डिंगच्या खरखरीत अर्ध्या डेसिबलचीही भर पडत नाही. महागडा कन्व्हर्टर आणून तेवढाच अर्धा डेसिबल वाचेल.

फरक ३-४ डेसिबलच निघाला तर मात्र यंत्र आड येतंय. तरीही बोट बिटकडे दाखवू नका. अशा वेळी अडचण बहुतेकदा प्रीअँपची, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाची असते, विशेषतः दबक्या आवाजाच्या डायनॅमिक माइकला गेन शेवटपर्यंत फिरवावा लागत असेल तर. माहितीपत्रकात "ईआयएन" (प्रीअँपची स्वतःची खरखर) हा आकडा पाहा. उणे १२८ डीबीयूच्या आसपास असेल तर प्रीअँप उत्तम, कारण १५० ओहमचा माइक स्वतःच उष्णतेमुळे जी खरखर करतो ती याच्या अगदी जवळ असते. माइकच्या त्या खरखरीच्या खाली कुणालाच जाता येत नाही.

मोजताना तीन गोष्टी फसवतात. स्वस्त यूएसबी माइकमध्ये आवाज थांबला की आपोआप सगळं बंद करणारं गेट असतं. शांतता शून्य दिसते, पण गाण्याच्या ओळींच्या मागे खरखर तशीच असते. विंडोजमधली "ऑडिओ एन्हान्समेंट्स" हीसुद्धा तशीच, ती बंद करा. तिसरी गोष्ट, विंडोजवर ऑडॅसिटी "एमएमई"च्या वाटेने रेकॉर्ड करत असेल तर इंटरफेस २४ बिटचा असूनही हाती १६च बिट येऊ शकतात. ऑडिओ होस्ट "वासापी" निवडा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग उपकरणाच्या "अ‍ॅडव्हान्स्ड" पानावर २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा. फाइलमध्ये खरोखर किती बिट हलतायत ते पाहायला "बिटर" नावाचं मोफत प्लगइन मिळतं. खालचे आठ बिट सतत शून्यच दिसले तर ती २४ बिटची फाइल नावापुरती.

मोजणीत शांततेऐवजी "हूंऽऽ" ऐकू आलं तर ती विजेची गुणगुण. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून ती ५० आणि १००वर सापडते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर अर्थिंगचा प्रश्न आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत पोचलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनचा तासभर तुम्हाला नव्या इंटरफेसपेक्षा जास्त डेसिबल मिळवून देईल. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, त्याची लहर चौकोनी असते आणि तिची किरकिर वरच्या स्वरांपर्यंत पसरते. लॅपटॉपच्या बॅटरीवर काम उरका.

तिसरं काम: गेन लावा (२४ बिटचा खरा फायदा इथे)

१६ बिटच्या काळात शिखर शून्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायची धडपड असे, कारण खाली राहिलं की खरखर वर यायची. ती सवय आजही अनेकांच्या हातात आहे. लाल दिवा लागेपर्यंत गेन चढवायचा आणि कीर्तनकारांनी अचानक तारसप्तक गाठलं की आवाज फाटायचा. एकदा फाटलेला आवाज पुढे कशानेच नीट जुळत नाही.

२४ बिटमध्ये सरासरी उणे १८ ते २०वर आणि शिखरं उणे १० ते १२वर ठेवा. हिशेब बघा. खरे बिट १९ असलेल्या यंत्रात १२ डेसिबल रिकामे सोडले तर दोन बिट गेले, राहिले १७. तुमच्या खोलीला लागणारे होते दहा-अकरा. तरीही हातात सहा बिट शिल्लक. हेच १६ बिटमध्ये केलं तर १४ राहतात, तेही खरं तर पुरतात. पण मृदंगाची थाप अंदाजापेक्षा जोरात पडली, गायक माइकजवळ सरकला, कमी गेनवर घेतलेली एखादी ओळ नंतर २० डेसिबलने उचलावी लागली, तर ही शिल्लक उपयोगी पडते.

कानबाईच्या रोटाला (खान्देशातल्या देवीच्या सणाला) बायका एकत्र बसून गाणी म्हणतात तेव्हा पहिली ओळ एकीची आणि दुसरी सगळ्यांची असते. गेन एकीवर लावला तर दुसऱ्या ओळीला हमखास फाटणार. सगळ्यांकडून मोठ्यात मोठ्याने म्हणवून घ्या, शिखर उणे १२ला आणा, मग आणखी ६ डेसिबल खाली उतरा. तालमीत कुणीच पूर्ण ताकदीने गात नाही, देवीपुढे सगळ्या गातात.

३२ बिट फ्लोट कुणाला लागतो

दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं आहे. सॉफ्टवेअरमधला ३२ बिट फ्लोट म्हणजे आकडेमोडीची पद्धत. ऑडॅसिटी आतून हीच वापरतं. तिथे ती हवीच, कारण आवाज वर-खाली करताना, इफेक्ट लावताना मधल्या टप्प्यांवर काही कापलं जात नाही. प्रोजेक्ट फ्लोटमध्येच ठेवा, मधेमधे १६ बिटमध्ये काढून परत आत घेऊ नका.

दुसरा म्हणजे फ्लोट रेकॉर्डर. यात बहुधा एकाच माइकमागे दोन कन्व्हर्टर असतात, एक दबक्या आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. यंत्र दोन्हींची सांगड घालतं, त्यामुळे गेन न लावताही फाइल फाटत नाही. मात्र खरखर कमी होत नाही, ती माइक आणि प्रीअँपची असते तेवढीच राहते. आणि माइकची स्वतःची सहनशक्ती संपली तर फ्लोटही काही करू शकत नाही.

सातपुड्यात काठीच्या राजवाडी होळीला जाऊन एकट्याने रेकॉर्ड करायचं असेल, ढोल कधी हातभर अंतरावर तर कधी शंभर पावलांवर, मीटर बघायला फुरसत नाही, तर फ्लोट रेकॉर्डरला दिलेला पैसा वसूल होतो. खोलीत बसून एक गायक आणि एक हार्मोनियम रेकॉर्ड करणाऱ्याचा होत नाही. ज्या डब्यावर फ्लोट न म्हणता नुसतंच "३२ बिट" लिहिलंय त्याचं वेगळं काही सांगायला नको. २४मधले शेवटचे तीन-चार बिटच खरखरीत बुडालेले, तिथे आणखी आठ जोडून काय हाती लागणार?

चौथं काम: कानांची परीक्षा

हे सगळं वाचूनही "मला तर फरक ऐकू येतो" असं म्हणणारे असतात. वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्या. बहुतेक जण थेट १६ विरुद्ध २४ लावतात आणि गोंधळतात, कारण बिट कमी झाल्यावर काय ऐकायचं असतं हे कानाला माहीतच नसतं. म्हणून खालून वर चढा.

तुमचं सर्वांत स्वच्छ २४ बिटचं रेकॉर्डिंग घ्या, ज्यात शेवटी तानपुरा हळूहळू विरत जातो असं काहीतरी. ऑडॅसिटीत त्याचा आवाज ४८ डेसिबलने कमी करा, १६ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा, ती फाइल परत आत घ्या आणि ४८ डेसिबलने वाढवा. १६ बिटमधले आठ बिट तुम्ही रिकामे सोडलेत, म्हणजे आता हातात ८ बिटचं रेकॉर्डिंग आहे. ऐका. सतत चालणारी खरखर लगेच कळेल. हेही लक्षात घ्या की खरखर वगळता गाणं तेच आहे, गायिकेचा गळा जाडाभरडा झालेला नाही.

आता ३६ डेसिबलने तेच करा, म्हणजे १० बिट. मग २४ने, म्हणजे १२ बिट. मग १२ने, म्हणजे १४. प्रत्येक वेळी खरखर कुठे हरवते ते वहीत लिहा. चांगली कॅसेट या हिशेबात ९-१० बिटच्या आसपास बसते. आपल्या आधीच्या पिढीने भजनांच्या कॅसेटी तेवढ्यावर ऐकल्या आणि डोळेही पुसले. माझ्या पाहण्यात घरच्या रेकॉर्डिंगवर १२च्या पुढे बहुतेकांना काही सांगता येत नाही, कारण तिथे खोलीची स्वतःची खरखर वर येऊन बसते.

१६ वर पोचलात की उरलेला फरक स्वतंत्रपणे ऐकता येतो. मूळ २४ बिट फाइल आणि तिच्यावरून केलेली १६ बिट फाइल एकाखाली एक ठेवा. सॅम्पल रेट एकच हवा आणि आवाजाची पातळी जशीच्या तशी. एका ट्रॅकला "इन्व्हर्ट" इफेक्ट लावा आणि दोन्ही मिसळा. सारखं ते सगळं एकमेकांना खोडून टाकतं, उरतो तो निव्वळ फरक. तो उणे ९०च्या परिसरात असतो. नेहमीच्या आवाजात वाजवून पाहा, काहीच ऐकू येणार नाही. मग हेडफोनचा आवाज आधी अगदी कमी करून त्या उरलेल्या ट्रॅकला ६० डेसिबलने वाढवा. ऐकू येईल ती सपाट खरखर. त्यात तानपुऱ्याचा एखादा हरवलेला सूर, गळ्यातली बारीक जागा, काही सापडतंय का ते शोधा. १६ बिटमध्ये "हरवलेलं" म्हणतात ते एवढंच.

शेवटी अंध चाचणी. फूबार२००० या मोफत प्लेअरला "एबीएक्स कंपॅरेटर" जोडता येतो. तो कुठली फाइल वाजतेय ते लपवतो आणि तुम्हाला ओळखायला लावतो. १६ फेऱ्या करा. १२ किंवा जास्त बरोबर आल्या तरच काही ऐकू आलं असं धरा. नुसत्या अंदाजानेही एवढ्या बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. नऊ-दहा बरोबर आल्या तर त्याला नाणेफेक म्हणतात. दोन फाइलींच्या पातळीत पाव डेसिबलचा जरी फरक असला तरी चाचणी बाद, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी "जास्त खुला", "जास्त जिवंत" वाटतो. दुकानातली अर्धी जादू यातच असते.

मोठ्या प्रमाणावर हेच झालेलं आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रयोग छापला. हाय-रिझोल्यूशन संगीत सरळ ऐकवायचं, आणि मधे गुपचूप १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घालून ऐकवायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे निम्मी. पुढे २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. अगदी निम्म्याहून किंचित वर, आणि त्यातही बिट आणि सॅम्पल रेट दोन्ही एकत्र. यावरून दोन्ही बाजूंचे लोक आपापला झेंडा फडकवतात. मी त्याचा अर्थ असा लावतो की जो फरक शेकडो लोकांना शांत खोलीत इतक्या कष्टाने सापडतो, त्यासाठी आपल्या कूलरच्या खोलीत पैसे घालू नयेत.

नवा इंटरफेस जुन्यापेक्षा खरंच चांगला वाजतो, हा तुमचा अनुभव मात्र खोटा असेलच असं नाही. नव्या यंत्रात प्रीअँप सुधारलेला असतो, हेडफोनला जास्त जोर मिळतो, वीजपुरवठा स्वच्छ असतो. श्रेय फक्त चुकीच्या आकड्याला जातं.

१६ बिटमध्ये काढताना डिदर

२४ वरून १६वर येताना खालचे आठ बिट सरळ छाटले तर चूक आवाजाला चिकटून राहते. आवाज विरत जाताना शेवटी खरखर न येता घोगरी, तुटक किरकिर येते. त्यावर उपाय म्हणजे छाटण्याआधी अगदी बारीक, ठरावीक प्रकारची खरखर मिसळणे, हेच डिदर. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जॉन व्हँडरकूय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९८०च्या दशकात याचं गणित पक्कं केलं. डिदर असेल तर शेवटच्या बिटच्या खालचे स्वरही खरखरीच्या आत शाबूत ऐकू येतात. ऑडॅसिटीच्या "क्वालिटी" सेटिंगमध्ये ते मुळातच चालू असतं, बंद केलेलं नाही एवढं बघा. डिदर एकदाच, अगदी शेवटच्या एक्स्पोर्टला.

गाणं यूट्यूबवर चढवायचं असेल तर १६वर आणायचीच गरज नाही, व्हिडिओत २४ बिट वेव्ह किंवा फ्लॅक तशीच घाला. तिकडे ती दाबून दुसऱ्या स्वरूपात जाते, आणि त्या दाबलेल्या स्वरूपात बिट डेप्थ असा प्रकारच नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेलं ऐकून कुणी तुमच्या कन्व्हर्टरबद्दल मत देत असेल तर हसून सोडून द्या. मित्राला खरी फाइल ऐकवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ऐकण्याच्या यंत्रात २४ बिट कुठे कामाचे

फोनला लावायचा डॉंगल असो की टेबलावरचा डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा कन्व्हर्टर), त्यात २४ बिट असण्याचा एक खरा उपयोग आहे. आवाज सॉफ्टवेअरमधून कमी केला की प्रत्येक ६ डेसिबलला एक बिट खर्च होतो. १६ बिटच्या डॅकवर आवाज ३० डेसिबलने खाली आणला तर अकरा उरतात. २४ बिटच्या डॅकवर १६ बिटचं गाणं तेवढंच खाली आणलं तरी आकड्यांतलं काही हरवत नाही. एवढ्यासाठी तो घ्यावा, आणि आज साधा डॉंगलही बहुधा २४ बिटचाच असतो. डॅक जुना असेल तर सॉफ्टवेअरचा आवाज पूर्ण ठेवा आणि अँप्लिफायरच्या बटणाने कमी-जास्त करा.

साठवणीचा हिशेब

४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये मिनिटाला सुमारे १७ एमबी घेतं, तासाला १ जीबीपेक्षा थोडं जास्त. १६ बिटमध्ये तेच तासाला ६९० एमबीच्या आसपास. जागेतला फरक एवढा थोडा की मूळ रेकॉर्डिंग २४ बिटमध्येच ठेवावं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या असोत की भिलोरी गाणी, ती पुन्हा मिळायची नाहीत आणि उद्या कुणाला त्यातली एखादी दबलेली ओळ उचलायची असेल. ठेवताना फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात एकही बिट न गमावता फाइल लहान होते. १६ आणि २४ बिटच्या फ्लॅक शेजारी ठेवून आकार पाहिलात तर २४ची फाइल साध्या दीडपटीच्या हिशेबापेक्षाही मोठी निघते. कारण खालच्या आठ बिटांत जे भरलंय ती खरखर आहे, आणि खरखर दाबून लहान करता येत नाही.